अर्ध्या तासाचं ऊन

गेल्या वादळापासून आमच्या गल्लीतलं कोणी माझ्या बाबांकडे किल्ली करून घ्यायला येत नाही. बाबांकडे बघतात सगळे, पण कसं, तर गर्दीच्या दुकानात दुकानदार आपल्या हातांकडे बघतो ना, तसं. बाबा कुलूपवाले आहेत. कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या घासतात, आणि कोणाची किल्ली हरवली तर तिसऱ्या मिनिटाला दार उघडून देतात. आधी हे त्यांचं कसब होतं. आता तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झालाय.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी चक्रीवादळ आलं तेव्हा अख्खी गल्ली माझ्या शाळेत राहायला गेली होती, कारण शाळा उंचावर आहे आणि आमची गल्ली बंदराच्या अगदी तोंडाशी. परत आलो तर समोरच्या टेलरकाकांचं शटर अर्धं वर. कुलूप कडीला लटकलेलं, उघडं, आणि त्यावर साधा ओरखडाही नाही. आतून गणवेशांचे चार गठ्ठे आणि कापडाचा एक अख्खा तागा गायब. कुलूप तोडलेलं नाही, म्हणजे किल्लीने उघडलं. त्याच्या किल्ल्या दोनच. एक टेलरकाकांच्या खिशात आणि दुसरी आमच्या दुकानातल्या फळीवर, खिळ्याला. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या किल्लीची एक जोड स्वतःकडे ठेवायचे. त्यावर नाव नाही, फक्त नंबर. कोणाची हरवली तर लगेच देता यावी म्हणून. पूर्वी लोक म्हणायचे, काय सोय आहे. त्या दिवसापासून म्हणायला लागले, सगळ्या गल्लीच्या किल्ल्या घेऊन बसलाय की हा.

पोलीस आले, चौकशी करून गेले, निष्पन्न काही झालं नाही. टेलरकाका उघडपणे एक अक्षर बोलले नाहीत आणि तेच वाईट होतं. बोलले असते तर बाबांना उत्तर देता आलं असतं. त्यांनी नुसतं ते कुलूप काढलं, जे बाबांनी वादळाच्या आदल्याच संध्याकाळी नवंकोरं बसवून दिलं होतं, ते कागदात गुंडाळून आमच्या काउंटरवर ठेवलं आणि बाजारातून दुसरं आणलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी फळीवरच्या सगळ्या किल्ल्या घरोघर जाऊन परत केल्या. फळी अजून भिंतीवर आहे. नुसते खिळे.

मी तेव्हा सातवीत होते आणि कोणी काही विचारलं तर मान हलवायची. आता नववीत आहे आणि बाबांच्या मते माझी टकळी एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण सापडत नाही. याला जबाबदार आमच्या भूगोलाच्या बाई. त्यांनी या जूनमध्ये मला प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेसमोर चक्रीवादळावर बोलायला उभं केलं. पहिली दोन वाक्यं मी कागदातून मान वर न काढता वाचली. तिसऱ्या वाक्याला लक्षात आलं की सहाशे पोरं गप्प बसून माझं ऐकतायत. त्यानंतर मी काय थांबते.

त्या भाषणासाठी मी बरंच वाचलं. समुद्राचं पाणी तापतं, वाफ वर चढते, तिच्या जागी चहूबाजूंनी वारा धावून येतो, आणि पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ न येता गरगरत येतो. या गरगरण्याच्या मधोमध एक भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. डोळा आपल्या डोक्यावरून गेला तर वारा अचानक पडतो, कधीकधी लख्ख ऊनसुद्धा पडतं. लोकांना वाटतं, संपलं. मग पलीकडची भिंत येते आणि वारा बरोबर उलट्या दिशेने सुटतो.

हे वहीत उतरवताना माझा हात थांबला. कारण गेल्या वेळीही ऊन पडलं होतं. मला पक्कं आठवत होतं, मी शाळेच्या पायरीवर बसून ओले मोजे पिळले होते. आणि आणखी एक गोष्ट आठवली. वादळानंतर आठवड्याने टेलरकाकांच्या हरवलेल्या गणवेशाची एक बाही दीपगृहाच्या कुंपणाला अडकलेली सापडली होती. तेव्हा सगळे म्हणाले, चोर तिकडून पळाला. पण पहिला वारा दीपगृहाकडून पुलाकडे वाहत होता. उडालेली बाही पुलाकडे जायला हवी. ती दीपगृहाकडे गेली, म्हणजे दुसऱ्या वाऱ्याने नेली. म्हणजे वादळाचा पहिला अर्धा भाग होईपर्यंत शटर बंद होतं. ते कोणीतरी मधल्या उन्हात उघडलं होतं.

मग मी गुपचूप चौकशी सुरू केली. एकेकाला सहज विचारल्यासारखं विचारायचं, त्या उन्हाच्या वेळी तुम्ही कुठे होतात हो. प्रत्येकाने सांगितलं, हॉलमध्येच. प्रत्येकाने बाकी सगळ्यांनाही हॉलमध्येच पाहिलं होतं. एवढं सगळ्यांचं जुळलं की माझा संशय जातो कसला, वाढतोच. मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली. एक नाव मात्र मी लिहिलं नाही, फक्त जागा मोकळी ठेवली. कारण मोजे पिळून मी आत गेले तेव्हा बाबा हॉलमध्ये नव्हते. वीसेक मिनिटांनी आले. म्हणाले, मुलींच्या संडासाची कडी बसत नव्हती, ती बसवत होतो. कडी खरंच बसली होती, मी जाऊन पाहिली. पण कडी बसवायला बाबांना दोन मिनिटं लागतात.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही.

आणि आता परत वादळ येणार होतं. तीन दिवसांपासून रेडिओवर इशारे सुरू होते, होड्या परत आल्या होत्या, आणि त्या सकाळी सातला जीपवरच्या भोंग्याने गल्लीतून फिरून सांगितलं की दुपारपर्यंत वादळ किनाऱ्यावर आदळेल, दहाच्या आत शाळेत पोचा, पाणी गल्लीत शिरणार आहे. आईची तयारी झाली होती. कागदपत्रं दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, एकात एक. पिण्याचं पाणी, बिस्किटं, टॉर्च, सेलवरचा रेडिओ, चार्ज केलेले फोन. गॅस बंद, मेन स्विच बंद, गाद्या माळ्यावर.

पण गल्ली हलेना. आठ वाजले तरी प्रत्येकजण आपापल्या दारात उभा. कोणी पायरी झाडतंय, कोणी पाऊस तोंडावर आलेला असताना कुंडीला पाणी घालतंय. कारण सोपं होतं. जो आधी जाईल त्याचं दुकान मागे राहणाऱ्याच्या ताब्यात. टेलरकाका हाताची घडी घालून आमच्या दुकानाकडे बघत होते. बाबा स्टुलावर बसून टेलरकाकांकडे बघत होते. आकाशाचा रंग ओल्या पाटीसारखा झाला होता आणि या दोघांचं आपलं चाललंय, तू आधी की मी आधी.

मी गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की सगळ्यांनी एकाच वेळी शटर ओढायचं, मी तीन म्हटल्यावर, आणि मग रांगेने चालायचं, म्हणजे कोणी मागे राहणार नाही. टेलरकाकू हसल्या, म्हणाल्या, ही आमची नवी मुख्याध्यापिका. पण टेलरकाकांना काही सुचत नव्हतं, त्यामुळे ते तयार झाले, आणि ते झाले म्हणून बाकीचे झाले. मी तीन म्हटलं आणि अकरा शटरं एकदम खाली आली. सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत होते. बाबांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले होते. आमच्या दुकानाचं कुलूप आईने लावलं. अख्ख्या गल्लीची कुलपं बसवणारे बाबा स्वतःचं कुलूप लावायला पुढे आले नाहीत.

शाळेत भूगोलाच्या बाईंनी आम्हाला खालच्या हॉलमध्ये बसवलं, खिडक्यांपासून लांब, आतल्या भिंतीला टेकून. साडेअकराला वारा सुरू झाला तो आधी शिट्टीसारखा आणि मग मालगाडीसारखा. पत्रे उडाल्याचे आवाज येत होते. मला भीती वाटत होती हे मी मान्य करते, पण मी दोन कामं एकदम करू शकते. मी घाबरतही होते आणि मोजतही होते. हॉलमध्ये आमच्या गल्लीची सदतीस माणसं. दर दहा मिनिटांनी सदतीस.

एक वाजून पाच मिनिटांनी वारा थांबला.

कमी झाला असं नाही, थांबला. कानात दडे बसल्यासारखं झालं. मग वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा हॉलच्या फरशीवर पडला, इतका साधा, रविवार दुपारसारखा. लोक उठून आळोखेपिळोखे द्यायला लागले. बाईंनी ताबडतोब टाळ्या वाजवून सांगितलं की हा डोळा आहे, वादळ अर्धंच झालंय, अर्ध्या तासात किंवा त्याच्याही आधी वारा उलट्या बाजूने येईल, रेडिओवर सांगेपर्यंत कोणीही बाहेर पडायचं नाही. पुढचं दार त्यांनी स्वतः अडवलं. मागच्या, प्रयोगशाळेजवळच्या दाराला त्यांनी सकाळीच कुलूप घातलं होतं.

मी मोजले. छत्तीस.

कोण नाही हे मोजायच्या आधीच कळलं होतं. आईशेजारची जागा रिकामी होती आणि बाबांची चप्पलही नव्हती.

मी प्रयोगशाळेच्या बोळात धावले. बाबा मागच्या दारापाशी उकिडवे बसले होते. हातात वाकवलेली तार आणि बाईंचं कुलूप उघडलेलं. ते उघडायला त्यांना किती वेळ लागला असेल, याचा मी विचार करायचंही टाळलं.

मी हाक मारली. ते वळलेही नाहीत, म्हणाले, आत जा. मी विचारलं, कुठे चाललात. तर ते अगदी शांतपणे बोलायला लागले, जणू सगळं ठरवून ठेवलं होतं. त्यांनाही त्या बाहीचं कोडं पडलं होतं. त्यांनाही मधल्या वेळेचा हिशेब लागला होता. ज्याने गेल्या वेळी केलं तो आजही याच वेळेला येणार, आणि आज ते समोर बसून त्याला पकडणार. दोन वर्षं तोंड लपवून जगलोय, म्हणाले, आज शेवट करतो.

मला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. म्हणजे बाबांनीही यादी केली होती. पण लगेच दुसरं लक्षात आलं. गल्ली इथून दहा मिनिटं. जायला दहा, यायला दहा, आणि वाऱ्याचं घड्याळ कोणाच्या हातात नाही. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो," बाबा म्हणाले.

"तुम्ही गेलात तर परत यायच्या आत वारा येईल. आणि तोपर्यंत गल्लीत कमरेएवढं पाणी असेल. चोर काय पोहत येणार आहे का?"

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी चपला वाजल्या. टेलरकाका. मुठीत किल्ली. उघडं कुलूप पाहून ते जागच्या जागी थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला त्यांचा राग आला.

"वाटलंच मला," ते म्हणाले.

"मलाही," बाबा म्हणाले, त्यांच्या मुठीकडे बघत.

दोघं एकमेकांकडे बघत उभे. मी मध्ये. टेलरकाकांनी ऐकवलं की दोन वर्षं ते गप्प बसले, शेजारधर्म म्हणून, पण आज डोळ्यांनी पाहिलं, आता बाईंना बोलावतो. बाबांनी विचारलं, मग तू कुठे निघाला होतास किल्ली घेऊन. तर म्हणाले, मी माझ्याच दुकानावर लक्ष ठेवायला, तुझ्यासारखा दुसऱ्याच्या नाही. मी म्हटलं, काका, बाहेर कोणीच जायचं नाही, आत्ता ऊन दिसतंय ते फसवं आहे. आणि तिथे ते चिडून बोलून गेले.

"मला नको शिकवूस. मागच्या वेळी असंच ऊन होतं, मी जाऊन आलो की. काही झालं नाही मला."

बाहेर एक पक्षी ओरडला.

"पोलिसांना तर तुम्ही सांगितलंत की हॉलमध्ये होतो," मी म्हणाले.

टेलरकाकांचे कान लाल झाले. मग हळूहळू निघालं सगळं. बाईंनी तेव्हाही मनाई केली होती. काकूंना त्यांनी सांगितलं की संडासला जातोय आणि पळत गल्लीत गेले, कारण गठ्ठे खाली राहिले होते आणि पाणी शिरत होतं. गठ्ठे वरच्या फळीवर टाकले, शटर ओढलं, कुलूप लावलं, परत आले. परत येताना वारा सुरूच झाला होता, शेवटचं वळण त्यांनी भिंतीला धरून पार केलं. नंतर हे कोणाला सांगणार, काकूंनी सोलून काढलं असतं. आणि सांगून उपयोग काय, ते म्हणाले, कुलूप तर मी स्वतःच्या हाताने लावलं होतं. म्हणजे माझ्यानंतरच कोणीतरी उघडलं ना. किल्लीने.

ते खोटं बोलत नव्हते. मी संशयी आहे पण मला कळतं. त्यांना खरोखरच दोन वर्षं तसंच वाटत होतं.

मी कुलूपवाल्याची मुलगी आहे. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न तोच आला.

"काका, कसं लावलंत ते कुलूप? हाताने दाखवा."

त्यांनी डाव्या हाताची मूठ केली आणि उजव्या तळव्याने ती वरून दाबली. "असं. खट् झालं. आणि पळालो."

बाबांच्या हातातली तार खाली आली.

"ते दाबून लागत नाही," बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक की मी वळून बघितलं. "ते जुन्या धाटणीचं आहे, आत पितळी पट्ट्या आहेत. दांडी दाबली की आत बसते, लागत नाही. किल्ली दोनदा फिरवायला लागते."

"खट् झालं होतं."

"होतं. आत बसल्याचं. वाऱ्याने शटर हलायला लागलं की दांडी सुटते, शटर वर सरकतं आणि आतलं सगळं वारा नेतो."

टेलरकाकांनी पुन्हा मूठ केली, पुन्हा दाबली, स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "पण सकाळी तर नीट लागलं होतं."

"सकाळी मी लावून दिलं होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

बाबा हातातली वाकडी तार सरळ करत राहिले. मला वाटलं आता ओरडतील, दोन वर्षांचं सगळं बाहेर काढतील. त्यांना तेवढा हक्क होता. ते खाली बघून म्हणाले, "घाईत होतो रे. वादळाच्या आधी गल्लीत सहा कुलपं बसवली मी. दाखवायचं राहून गेलं."

उन्हाचा रंग बदलला. दाराच्या फटीतून आत येणारी हवा थांबली होती ती आता एकदम थंड आली, आणि या वेळी पुलाच्या बाजूने. मी दोघांना ढकललंच जवळजवळ. बाहेर जायचं आता कोणाच्याच मनात राहिलं नव्हतं. टेलरकाका पुटपुटले की ते तर फक्त बाबा जातील म्हणून निघाले होते. बाबा म्हणाले, आणि मी तू जाशील म्हणून. मी म्हटलं, छान, म्हणजे दोघंही पाण्यात एकमेकांची वाट बघत बसला असता. कोणी हसलं नाही.

दार लावताना वाऱ्याचा पहिला तडाखा आला. मगाशी हीच बाजू सुरक्षित होती, आता सगळा जोर इकडे. दोघांनी खांदे लावले तेव्हा अडसर बसला. बाबांनी बाईंचं कुलूप घालून दाबलं, टेलरकाकांकडे बघितलं आणि म्हणाले, हे लागतं.

परत जाताना बाबांनी मला विचारलं, तू मागे का आलीस, माझ्यावर नजर ठेवायला की थांबवायला. मी म्हटलं, थांबवायला. मला वाटतं, माझ्या यादीतल्या मोकळ्या जागेचं त्यांना माहीत आहे.

हॉलमध्ये बाई सगळ्यांना पुलाकडच्या खिडक्यांपासून उठवून समोरच्या भिंतीकडे हलवत होत्या. टेलरकाका काकूंशेजारी जाऊन बसले. पाणी प्यायले. मग पिशवीत काहीतरी शोधलं. मग परत पाणी प्यायले. मी त्यांच्यावरची नजर हलवली नाही. बोळात तिघांसमोर सांगणं वेगळं आणि इथे सगळ्यांसमोर वेगळं, आणि ते सांगणार नाहीत असं मला नव्वद टक्के वाटत होतं. काकूंनी विचारलं, इतका वेळ कुठे होता. ते तोंड उघडून म्हणाले, संडास...

आणि थांबले. माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

टेलरकाका उठले आणि बोलायला लागले. पण मालगाडी परत सुरू झाली होती, कोणाला एक शब्द ऐकू जाईना. लोक कानाला हात लावून काय काय विचारत होते. ते दोन पावलं पुढे आले आणि जोरात म्हणाले की मागच्या वेळी दुकान मीच उघडं टाकलं होतं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, ऐकू येत नाही. काकूंना ऐकू आलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. टेलरकाका आणखी पुढे आले, हॉलच्या अगदी मध्ये, आणि पोटातून ओरडले, "कुलूपवाल्याने नाही उघडलं. मी गेलो होतो, मीच उघडं टाकलं."

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. ते तसेच उभे, हात लोंबकळत, पुढे काय करायचं ते न कळल्यासारखे.

बाबांनी डोळे उघडले. "कळलं सगळ्यांना," ते म्हणाले. "आता खिडकीसमोरून बाजूला हो आणि इकडे येऊन बस."